रात्री वॉर्डात सिस्टर किती? कोल्हापुरात हा आकडा कसा मिळवायचा आणि फलकावर कसा आणायचा

सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डात रात्री दोन वाजता सलाईन संपतं, नातेवाईक काउंटरवर जातो, तिथं कुणी नसतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटचं बीपी घेत असतात. नातेवाईक चिडतो, आवाज चढतो, सकाळी तक्रार सिस्टरच्या नावानं जाते. त्या रात्री त्या वॉर्डात पेशंट किती होते आणि सिस्टर किती, हे दोन आकडे कुणीच विचारत नाही. ते माहिती अधिकाराच्या अर्जातून विचारायचे कसे, मिळाले की वाचायचे कसे आणि वॉर्डाच्या दारावर कायम लागावेत म्हणून काय करायचं, ते इथं क्रमानं दिलं आहे.

बातम्यांत येतो तो आकडा रिक्त पदांचा. तो खरा असला तरी त्यावरून वॉर्डातली परिस्थिती कळत नाही. शंभरातली ऐंशी पदं भरलेली असतील, पण त्या ऐंशीतल्या काही जणी प्रतिनियुक्तीवर, काही प्रसूती रजेवर, काही ओपीडीत आणि कार्यालयीन कामात असतात. उरलेल्या जणी तीन पाळ्यांत वाटल्या जातात. पेशंटच्या उशाशी पोचतो तो आकडा पाळीचा, म्हणून मागायचा तो पाळीचाच.

आधी निकष नीट समजून घ्या

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सगळीकडे सांगितला जातो: वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका, इतर रुग्णालयांत ५ खाटांमागे १, आयसीयूत खाटेमागे १, आणि सुट्टीवर असलेल्यांच्या जागी म्हणून वर ३० टक्के जादा पदं, म्हणजे सुट्टी राखीव. बहुतेक जणांची इथंच चूक होते. ३ खाटांमागे १ हे पदांचं प्रमाण आहे, आणि ती पदं तीन पाळ्यांत विभागली जातात. म्हणजे एका पाळीला ९ खाटांमागे १ सिस्टर. वॉर्डात जाऊन ‘तीन पेशंटला एक सिस्टर कुठाय?’ असं विचारलं, तर समोरचा बरोबर असतो आणि तुम्ही चूक. तुमचं पुढचं सगळं म्हणणंही मग हलकं होतं.

३० टक्के कुठून आले, तेही माहीत असू द्या. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा ३० आणि किरकोळ रजा ८ काढल्या, तर उरतात २७५ दिवस. ३६५ ला २७५ ने भागलं की येतात साधारण १.३३. म्हणजे एक जागा वर्षभर रोज भरलेली ठेवायला एक आणि वर एक तृतीयांश माणूस लागतो. यात प्रसूती रजेचे १८० दिवस धरलेले नाहीत, आजारपण नाही, सलग रात्रपाळ्यांनंतरचा नाईट ऑफही नाही. त्यामुळे ३० टक्के ही चैन म्हणता येणार नाही. पदं मंजूर करताना सुट्टी राखीव वगळली असेल, तर सगळी पदं भरूनही वॉर्ड रोज अपुराच राहणार.

रुग्णालय उत्तरात दुसरा एखादा निकष सांगेल. त्यावर वाद घालत बसू नका. कोणता निकष, कोणत्या आदेशानं लागू, आणि तो पदांचा की पाळीचा, एवढं लेखी घ्या. तुलना त्याच निकषाशी करता येते.

अर्ज कुणाकडे करायचा

कोल्हापुरात बरेच अर्ज इथंच अडतात, कारण एकाच जिल्ह्यातली रुग्णालयं चार वेगवेगळ्या दारांत विभागली आहेत. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. त्याचा अर्ज अधिष्ठाता कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो आणि खातं वैद्यकीय शिक्षणाचं. कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याची. त्यांच्यासाठी त्या रुग्णालयाचं कार्यालय किंवा जिल्हा शल्यचिकित्सक. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणून जिल्हा आरोग्य अधिकारी. सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचं.

अर्ज चुकीच्या दारात पडला, तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ‘आमच्याकडे नाही’ एवढंच लिहून परत करता येत नाही. पण व्यवहारात या वर्गावर्गीत महिना जातो, तेव्हा आधी खात्री केलेली बरी.

अर्जाआधी एक सोपं काम करा. कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानं १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात आणि अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका त्यात येते. ती संकेतस्थळावर किंवा कार्यालयात बघा. जुनी असेल तर तारखेसह लिहून ठेवा, अपिलात उपयोगी पडते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या बाबतीत आणखी एक रस्ता आहे. राज्याच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. कुठले कागद ठेवले जातात आणि त्यांना त्या कार्यालयात काय म्हणतात, हे एका सोमवारी कळतं आणि अर्ज नेमका होतो.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्रात अर्जाला दोन बंधनं आहेत: विषय एकच, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. त्यामुळे पदांचा अर्ज वेगळा आणि पाळ्यांचा वेगळा करा. नमुना ‘जोडपत्र अ’चा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून अर्ज ऑनलाइनही करता येतो. हातानं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मजकुराचा सगळ्यात मोठा नियम हा की माहिती मागू नका, कागद मागा. ‘सिस्टर कमी का आहेत?’ हा प्रश्न आहे, त्याला ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ असं उत्तर येतं. ‘वर्षभराची सरासरी काढून द्या’ म्हटलं की ‘माहिती तयार करून देणं अपेक्षित नाही’. जो कागद कपाटात आहे त्याचं नाव घेऊन प्रत मागितली, की पळवाट फार कमी उरते.

पाळीनिहाय अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

विषय: पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डातील परिचारिकांची पाळीनिहाय नेमणूक.
कालावधी: (सलग सात दिवस, तारखांसह).
वर्णन: वरील वॉर्डाच्या या सात दिवसांच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) अधिसेविका (मेट्रन) कार्यालयाने मंजूर केलेला परिचारिकांचा ड्युटी चार्ट, त्यात नंतर केलेल्या बदलांसह. २) त्याच दिवसांचे वॉर्डातील परिचारिकांचे हजेरीपत्रक. ३) त्याच दिवसांची रात्री १२ वाजताची खाटगणना, म्हणजे मंजूर खाटा व दाखल रुग्णांची संख्या. ४) चार्टमधील सांकेतिक अक्षरांचा अर्थ दर्शविणारा कागद असल्यास त्याची प्रत. परिचारिकांची व रुग्णांची नावे कलम १० नुसार झाकून प्रती दिल्यास हरकत नाही; पदनाम दिसावे.

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसलं तर वैयक्तिक माहितीचं, म्हणजे कलम ८(१)(ञ)चं, कारण लावून अख्खा अर्ज नाकारला जातो. तुम्हाला नावं नकोच आहेत, संख्या हवी आहे. शिवाय रात्री एकटीनं चाळीस पेशंट सांभाळणाऱ्या बाईचं नाव कुणाच्या मोबाईलवर फिरू नये, ही आपलीही जबाबदारी आहे.

दुसऱ्या अर्जात परिचारिका संवर्गाचा मंजूर आकृतिबंध (पदांचा आराखडा), ठरावीक तारखेची मंजूर-भरलेली-रिक्त पदांची संवर्गनिहाय यादी, प्रतिनियुक्तीचे आदेश, आणि कंत्राटी किंवा बाह्यस्रोतातून घेतलेल्या परिचारिकांची संख्या मागा. संवर्गांची नावं सरकारी भाषेतच लिहा: अधिसेविका, सहायक अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका. वॉर्डात जिला आपण स्टाफ सिस्टर म्हणतो ती कागदावर अधिपरिचारिका असते आणि वॉर्डची इनचार्ज ती परिसेविका. नुसतं ‘नर्स’ लिहिलं की सगळ्यांची बेरीज हातात पडते आणि त्यातून काही कळत नाही.

दिवस कोणते निवडायचे? तीन वॉर्ड आणि सात दिवस पुरे. वर्षभराचे चार्ट मागितले तर साधनसामग्री बेसुमार खर्च होते म्हणून कलम ७(९) पुढं केलं जातं. एक आठवडा साधा घ्या आणि दुसरा अर्ज दिवाळीच्या किंवा पावसाळ्यातल्या तापाच्या साथीच्या आठवड्याचा करा. दोन्ही शेजारी ठेवले की यंत्रणा किती ताणली जाते ते दिसतं.

उत्तर येईपर्यंत

मुदत ३० दिवसांची. मध्ये शुल्काचं पत्र येतं, पानाला २ रुपये दरानं. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा आणि पावती जपा. ३० दिवस उलटून गेल्यावर शुल्क मागितलं असेल, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यायची असते. तसं लेखी कळवा.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं आणि त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायचा असतो. सुनावणीला स्वतः जा. बऱ्याचदा कागद तिथंच मिळतो, कारण अधिसेविका कार्यालयातून चार्ट मागवणं हे पाच मिनिटांचं काम असतं, फक्त कुणी मागवलेला नसतो. पुढचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. ते लांबतं, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नका; नव्या तारखांचा नवा अर्ज टाकत राहा. पण दुसऱ्या अपिलात एक मागणी आवर्जून लिहा: कलम १९(८) नुसार ही माहिती नियमितपणे प्रसिद्ध करण्याचा आदेश द्यावा. आयोगाला तो अधिकार आहे, आणि लोक फक्त दंड मागून मोकळे होतात.

चार्ट हातात आल्यावर

ड्युटी चार्ट म्हणजे आडवा तक्ता. डावीकडे पदनाम, वर तारखा, चौकटीत अक्षरं. सकाळ, दुपार, रात्र यांची खूण, साप्ताहिक सुट्टी, नाईट ऑफ, रजा. पाळ्या साधारण सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा असतात. तुमच्या रुग्णालयाच्या वेळा वेगळ्या असतील तर त्या घ्या.

आता पेन्सिल घेऊन एकेका तारखेचा स्तंभ उभा वाचा आणि पाळीवार मोजा. लाल पेनानं खोडून शेजारी दुसऱ्या वॉर्डाचं नाव लिहिलेलं दिसलं, तर ती व्यक्ती त्या दिवशी या वॉर्डात नव्हती. म्हणूनच ‘बदलांसह’ हा शब्द अर्जात हवा. मूळ चार्टवर तिघी असतात आणि हजेरीपत्रकावर दोघी. इनचार्ज परिसेविका वेगळी मोजा, कारण तिचा बराच वेळ इंडेंट (सामानाची मागणी), औषधसाठा आणि राउंडमध्ये जातो. विद्यार्थिनी मोजूच नका. गणवेश असला तरी त्या शिकायला आलेल्या असतात, आणि काही ठिकाणी त्यांच्या जिवावर पाळी भरलेली दाखवली जाते.

एक हिशोब करून दाखवतो, आकडे नमुन्याचे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला ३६ खाटांचा वॉर्ड. निकषानं पदं १२, सुट्टी राखीव धरून १६. पाळीला हव्यात ४. चार्टवर सकाळी ३, दुपारी २, रात्री १ निघाल्या. रात्री १२ ची खाटगणना ४४, म्हणजे आठ जण जमिनीवरच्या गादीवर. आता सिस्टरचे तास मोजा: सकाळचे ३ गुणिले ६ म्हणजे १८, दुपारचे १२, रात्रीचे १२, एकूण ४२ तास. त्याची मिनिटं करून ४४ ने भागली की एका पेशंटच्या वाट्याला चोवीस तासांत साधारण ५७ मिनिटं येतात. पाळीला चार असत्या आणि ३६ खाटांवर ३६ च पेशंट असते, तर हाच आकडा १६० झाला असता. ५७ मिनिटांत औषधाच्या सगळ्या वेळा, इंजेक्शनं, ड्रेसिंग, तापाचा तक्ता, कॅथेटर, नोंदी आणि नातेवाइकांची उत्तरं.

खाटगणना आणि चार्ट एकाच तारखेचे असणं म्हणूनच महत्त्वाचं. मंजूर खाटांनी भागलं, तर जमिनीवरचे पेशंट हिशोबातून गायब होतात. सीपीआरला सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगलीपासून सीमाभागापर्यंतचे पेशंट येतात, तेव्हा ही तफावत बारीक नसते. आणि सरासरीपासून सावध राहा. दिवसपाळ्या भरलेल्या आणि रात्र रिकामी असली, तरी महिन्याची सरासरी चांगली दिसते. रात्रीचा आकडा नेहमी वेगळा लिहा.

या आकड्यांमागे अभ्यास आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधील १६८ रुग्णालयांवर केलेल्या अभ्यासात, एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियानं २००४ पासून वॉर्डनिहाय कमाल प्रमाण कायद्यानं लागू केलं. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीच्या चौकशीनंतर, २०१४ पासून, प्रत्येक वॉर्डात पाळीला किती परिचारिका ठरलेल्या आणि किती हजर, हे जाहीर करायला सुरुवात झाली.

फलकाची मागणी

फलक साधा असावा. वॉर्डाच्या दारावर, रोज सकाळी, दुपारी आणि रात्री पाळी बदलताना मार्करनं लिहायचा: मंजूर खाटा, आत्ता दाखल पेशंट, निकषानुसार हव्या असलेल्या परिचारिका, हजर परिचारिका. चार आकडे, नाव कुणाचंच नाही. पाळी बदलताना हस्तांतरणात हे आकडे तसेही सांगितले जातात, त्यामुळे सिस्टरच्या कामात भर अर्ध्या मिनिटाची. महिन्याचा गोषवारा संकेतस्थळावर, रात्रपाळी वेगळी दाखवून.

मागणीचं पत्र अधिष्ठात्यांच्या किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहा आणि कलम ४(२) चा आधार घ्या. लोकांना अर्जच करावा लागू नये इतकी माहिती स्वतःहून द्यावी, असं ते कलम सांगतं. सोबत तुमचा सात दिवसांचा तक्ता जोडा. प्रत रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना आणि आमदारांना द्या. लोकप्रतिनिधीला ‘परिस्थिती गंभीर आहे’ असं पत्र नको असतं, विधिमंडळात विचारता येईल असा आकडा हवा असतो. पत्र देण्याआधी परिचारिकांच्या संघटनेशी बोला. फलक आपल्यावर पाळत ठेवायला आहे असं त्यांना वाटलं, तर तो आठवड्यात पुसला जाईल. आपल्या बाजूचा पुरावा आहे हे पटलं, तर त्या स्वतः तो लिहितील. शेंडा पार्कच्या ११०० खाटांच्या नियोजित रुग्णालयासाठीही हाच प्रश्न आत्ताच विचारायला हवा: खाटांबरोबर परिचारिकांची किती पदं प्रस्तावित केली आणि त्यात सुट्टी राखीव धरली का. इमारत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही, पदनिर्मितीची फाईल त्याआधी फिरते.

खासगी रुग्णालयांचं काय?

खासगी दवाखान्याला थेट माहितीचा अर्ज करता येत नाही. पण शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यानं त्याची नोंदणी शहरात महापालिकेकडे आणि शहराबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते, आणि तिथं दाखल केलेला अर्ज व तपासणी अहवाल सार्वजनिक कार्यालयाच्या ताब्यात असतो. तो मागता येतो. पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसणं हे नोंदणी नाकारण्याचं एक कारण त्या कायद्यातच आहे. त्यामुळे खाटा किती, पात्र परिचारिका किती दाखवल्या आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढे तीन कागद मागा.

पेशंट दाखल करतानाच विचारायचं असेल, तर रिसेप्शनवर विचारू नका, वॉर्डात विचारा: ‘रात्री या मजल्यावर सिस्टर किती असतात आणि त्यातल्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या किती?’ पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी जीएनएम (परिचर्येची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग असतेच असं नाही. आयसीयूत असाल तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला रात्री स्वतंत्र सिस्टर आहे का, ते विचारा. उत्तर सौम्यपणे मागा आणि कागदावर तारीख-वेळेसह लिहून ठेवा. बिलाच्या फाईलमध्येच तो कागद राहू द्या.